समन्स आले की दार लावणे महाग पडते

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर आमच्या दुकानात एक तरुण कारखानदार आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे आठ यंत्रमाग आहेत. त्याच्या मरहूम वडिलांशी आमचा वीस वर्षे व्यवहार होता. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. म्हणाला, "चाचा, ये जरा देखो. डरने जैसा कुछ नहीं ना?"

ते दिवाणी कोर्टाचे समन्स होते. बाहेरगावच्या एका सूत व्यापाऱ्याने त्याच्यावर व्याजासह २,७०,००० रुपयांचा दावा लावला होता. समन्सवर त्याची स्वतःची सही होती आणि सहीखाली तारीख होती. आम्ही बोटांवर दिवस मोजले. ६३ दिवस झाले होते. इतके दिवस तो कागद टेबलाच्या खणात, सुताच्या नमुन्यांखाली पडून होता. पहिली तारीख होऊन गेली होती.

आम्ही त्याला रागावलो नाही. रागावण्याचा आम्हाला हक्कच नव्हता. कारण २००६ साली आम्ही याहून मोठी चूक केली आहे. ती आज सांगतो.

त्या वर्षी एका सूत व्यापाऱ्याचे आमच्याकडे १,१२,००० रुपये देणे होते. आमच्या हिशोबाने एवढेच. त्याच्या हिशोबाने १,८६,०००. मधल्या ७४,००० रुपयांचे सूत आम्ही खराब निघाले म्हणून परत पाठवले होते. त्याने ते उतरवून घेतले, पण खात्यात जमा केले नाही. फोनवर दोन-तीनदा कडाक्याचे भांडण झाले, आणि आम्ही ठरवले की आता एक पैसाही द्यायचा नाही. पुढे बेलीफ आला तेव्हा आम्ही आत बसलो होतो. दुकानातल्या पोराला सांगितले, "सांग, शेठ मुंबईला गेलेत." दुसऱ्यांदा आला तेव्हाही हेच. तिसऱ्यांदा त्याने दोन पंचांसमोर समन्स दारावर चिकटवले आणि निघून गेला. आम्ही ते फाडून टाकले आणि आपण मोठी हुशारी केली असे वाटून चहा मागवला.

वर्षभराने बेलीफ पुन्हा आला तो जप्तीचा हुकूम घेऊन. हुकूमनामा एकतर्फी झाला होता. मूळ रक्कम पूर्ण, वर व्याज, वर दाव्याचा खर्च, असे २,३१,००० रुपये आम्ही मोजले. परत केलेल्या सुताची चलने आमच्या फाईलमध्ये तशीच होती. ती कोर्टाने कधी पाहिलीच नाहीत, कारण आम्ही ती दाखवायला गेलोच नाही. वकील म्हणाले, "शेठ, तुमची बाजू चांगली होती." 'होती' हा शब्द आम्हाला आजही टोचतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी आहे. पण ती दावा लावायला निघालेल्या माणसासाठी आहे. ज्याच्यावर दावा लागला त्याच्या दाराशी कोर्ट स्वतः चालत आलेले असते. तो गेला नाही म्हणून दावा थांबत नाही, एवढेच होते की कोर्टात एकाच माणसाचे बोलणे ऐकले जाते.

ही खोड आपल्या मुलखात नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंगे पुणे व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. तेव्हा दिसले की सावकारांचे बहुतेक दावे एकतर्फी निकालात निघत. कुळ कोर्टात येतच नसे. कोर्ट लांब, कागद वाचता येत नाही, समन्स खरोखर मिळाले की नाही याचाही भरवसा नाही. त्यावर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. तो पहिल्यांदा लागू झाला ते चार जिल्हे म्हणजे पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपले सोलापूर. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे तेवढेच न पाहता देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून तपासावा आणि कुळाला बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे, अशी जबाबदारी त्या कायद्याने न्यायाधीशावर टाकली. हप्ते बांधून देण्याची सोयही होती. पण तो कायदा शेतकऱ्यांसाठी होता, विणकरासाठी आणि व्यापाऱ्यासाठी नव्हता. आज तोही नाही. आज तुमची वही न्यायाधीश आपण होऊन मागवणार नाही. ती तुम्हालाच घेऊन जावी लागते.

आता त्या तरुणाच्या कागदाकडे वळू. त्याला आम्ही जे सांगितले ते वाचक बंधूंनाही उपयोगी पडेल.

समन्स मिळाले की पहिले काम म्हणजे ते कोणत्या तारखेला मिळाले हे त्याच्यावरच पेनाने लिहून ठेवणे. सगळी मुदत तिथून मोजतात. साध्या दिवाणी दाव्यात लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट कारण पाहून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतर साध्या दाव्यात क्वचित सवलत मिळते, पण ती कोर्टाची मेहरबानी असते आणि बहुधा खर्च बसतो. या तरुणाचे ६३ दिवस झाले होते म्हणजे दार अजून उघडे होते. मात्र व्यापारी देण्याघेण्याचा वाद ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर तो व्यावसायिक दावा ठरतो. तिथे १२० दिवस ही शेवटची हद्द आहे. त्यानंतर कैफियत घेतच नाहीत, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ साली यावर शिक्कामोर्तब केले आहे. अशा दाव्याच्या आधी, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर, समेटासाठी मध्यस्थीकडे जाणे वादीवर बंधनकारक आहे. म्हणजे मध्यस्थीची नोटीस आली तर तीसुद्धा खणात टाकू नका. स्वस्तात मिटण्याची ती पहिली आणि बऱ्याचदा सर्वांत चांगली संधी असते.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे संक्षिप्त दावा, ज्याला वकील मंडळी 'समरी सूट' म्हणतात. हुंडी, प्रॉमिसरी नोट, चेक किंवा लेखी करार यांच्या आधारावर तो लावतात. यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवून आपला पत्ता द्यावा लागतो. नाही दिला तर वादीचे म्हणणे कबूल धरून हुकूमनामा होऊ शकतो. हजेरी दिल्यानंतर वादी दुसरे समन्स बजावतो, त्यापासून पुन्हा १० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागायची. इथे बचाव हा हक्क नाही, परवानगी आहे. जेवढी रक्कम तुम्ही स्वतः कबूल करता तेवढी कोर्टात भरल्याशिवाय ती परवानगी मिळत नाही. दहा दिवस म्हणजे काय हे व्यापाऱ्याला सांगायला नको. सुरतेचा एक फेरा आणि एक लग्न, की दहा दिवस संपले. म्हणून समन्स आले त्याच दिवशी ते वकिलाला दाखवा आणि दावा कोणत्या प्रकारचा आहे एवढे तरी विचारा.

समन्स नाकारले तर ते मिळालेच नाही, असा समज बाजारात पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. घेण्यास नकार दिला किंवा माणूस सापडत नाही असे बेलीफाला दिसले तर दारावर चिकटवता येते, आणि कोर्ट ते बजावणी म्हणून धरू शकते. रजिस्टर पोस्टाचे पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत गेले तरी तेच. आमचेच उदाहरण वर दिले आहे.

कैफियत कशी द्यायची, हा खरा विषय आहे. दाव्याच्या अर्जात परिच्छेदांना क्रमांक असतात. प्रत्येक परिच्छेदाला वेगळे उत्तर द्यावे लागते. कोणता कबूल, कोणता नाकबूल, आणि नाकबूल असेल तर का. "दाव्यातील सर्व मजकूर खोटा आहे" असे एका ओळीत लिहून भागत नाही. जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही ती कबूल समजली जाऊ शकते. वादी म्हणतो १० तारखेला ४० पोती सूत दिले, आणि तुम्हाला ३२ मिळाली असतील, तर "४० मिळाली नाहीत" एवढेच लिहू नका. ३२ मिळाली, अमुक चलनाने मिळाली, असे लिहा. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेले २४ टक्के व्याज तुम्ही कधी मान्य केले नसेल तर तेही वेगळे नाकारा. बिलावर दुसऱ्या गावच्या कोर्टाचा अधिकार छापलेला असेल आणि तुमची त्याला हरकत असेल तर ती सुरुवातीलाच घ्या, नंतर घेतलेली सहसा चालत नाही.

कागदपत्रे कैफियतीसोबतच द्यायची असतात. मागून द्यायची तर कोर्टाची परवानगी लागते. इथे आपल्या लोकांची खरी अडचण आहे. माल परत केला, पण चलनावर समोरच्याची सही नाही. दलालाच्या हाती रोख ५०,००० दिले, पण पावती नाही. भाव फरकाचा वटाव तोंडी ठरला. आपल्या दीनमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत याच विषयावर आहे, आणि मजकूर सांगण्याची जबाबदारी तिने देणेकऱ्यावर टाकली आहे. तरी आपण भावाभावांत कागद कशाला म्हणून मान हलवतो आणि पुढे भाऊच वादी होऊन उभा राहतो.

वहीविषयी एक गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावी. नुसत्या वहीतल्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे वादीची वही ही आसमानी किताब नाही. आणि तुमचीही नाही.

तुमचे काही येणे वादीकडे निघत असेल, जसे परत केलेला माल किंवा खराब सुतामुळे झालेले नुकसान, तर त्याची वजावट मागता येते किंवा प्रतिदावा लावता येतो. त्यासाठी कोर्ट फी भरावी लागते. बरेच जण ती वाचवायला जातात आणि मोठी रक्कम घालवून बसतात.

मुदतबाह्य देण्याविषयी आम्हाला थोडे सविस्तर लिहायचे आहे. विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून. पण तीन वर्षांच्या आत तुम्ही देणे कबूल करून लेखी सही दिली असेल तर तिथून नवी तीन वर्षे सुरू होतात. वर्षाअखेर पार्टी 'बॅलन्स कन्फर्मेशन' म्हणून जो कागद पाठवते आणि आपण न वाचता शिक्का मारून देतो, तो कागद कोर्टात नेमका हाच असतो. अंशतः पैसे दिले आणि त्याची तुमच्या सहीची नोंद असेल तरी तसेच. शिवाय कोरोनाच्या काळातील १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळले आहेत. म्हणून त्या काळातल्या जुन्या बिलांचा हिशोब करताना घाई करू नका.

आता मनातले बोलतो. मुदत गेली म्हणजे दावा बुडतो, देणे बुडत नाही. कायदाही तेच म्हणतो, तो फक्त वसुलीचा रस्ता बंद करतो. आमच्याकडे एक गृहस्थ सल्ला विचारायला आले होते. समोरच्याचे पैसे खरोखर देणे होते, मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. "कैफियतीत लिहू ना?" असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, वकील लिहायला सांगतील आणि कायद्याने ते बरोबर आहे, पण मय्यतीच्या नमाजआधी कर्जाची चौकशी करणारी आपली उम्मत आहे. त्यांनी पुढे काय केले ते आम्ही विचारले नाही.

जेवढे देणे खरे आहे तेवढे कबूल करण्यात कमीपणा नाही, आणि कोर्टात त्याचा फायदाही होतो. खोटे नाकारणाऱ्याच्या खऱ्या नाकारण्यावरही न्यायाधीशाचा विश्वास बसत नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्त्यांची विनंती निकालाच्या आधी करा. हुकूमनामा देताना कोर्ट योग्य कारणासाठी हप्ते बांधून देऊ शकते. हुकूमनामा झाल्यावर वादीची संमती लागते आणि तेव्हा तो कशाला देईल? लोकअदालतीचा रस्ता सर्वांत कमी खर्चाचा आहे. तिथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, त्यामुळे वादीही ऐकतो. आणि त्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून जेवढे जमणार आहे तेवढेच कबूल करा. ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. मिशीन चालवून घर चालवणाऱ्या आपल्या कितीतरी विधवा बहिणींना हे कोणी सांगत नाही.

चेक न वटल्याची नोटीस ही वेगळीच आफत आहे. तो फौजदारी मामला आहे. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात, त्यानंतर तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. "मी तर कोरा चेक सही करून जामीन म्हणून दिला होता" हे सांगितल्याने आपोआप सुटका होत नाही. सही तुमची असेल तर तो देण्यापोटीच दिला असे कोर्ट आधी गृहीत धरते, उलट सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर. पण चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली असेल आणि समोरच्याने ती न वळती करता पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला असेल तर तो गुन्हा होत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२२ साली सांगितले आहे. म्हणून फेडीचा पुरावा जपा. आणि कोरे चेक वाटणे बंद करा.

ज्यांच्यावर एकतर्फी हुकूमनामा झालाच आहे त्यांनी तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यायचा असतो, हुकूमनाम्याच्या तारखेपासून, किंवा समन्स नीट बजावलेच नसेल तर कळल्यापासून. तुरुंगाची भीती मात्र फार बाळगू नये. पैसे नाहीत एवढ्या कारणावरून देणेकऱ्याला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्यासाठी ती आहे. सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच हे स्पष्ट केले. कारागिराची हत्यारे, घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांच्यावर जप्ती येत नाही. हातमागावर बसणाऱ्याला याचा आधार आहे. शेडमध्ये आठ-दहा यंत्रमाग असलेल्याने मात्र त्या भरवशावर राहू नये.

आमचा एक भाचा इंग्लंडात आहे. तिथे त्याच्यावर एका पुरवठादाराने उधारीचा दावा केला. तो सांगत होता की दाव्याच्या कागदासोबतच उत्तराचे फॉर्म आले. पूर्ण कबूल, काही कबूल, की नाकबूल अशा खुणा करायच्या. कबूल असेल तर उत्पन्न आणि खर्च लिहून दरमहा किती देऊ शकता ते लिहायचे. उत्तराला १४ दिवस, कागद मिळाल्याची पोच कोर्टाला दिली तर २८ दिवस. कायदा तिथे नरम आहे असे नाही. उत्तर दिले नाही तर तिथेही एकतर्फी निकाल होतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो निकाल सहा वर्षे नोंदीत राहून बँकेचे कर्जही अडते. पण साध्या दुकानदाराला पुढे काय करायचे ते त्या कागदावरच वाचता येते. आपल्याकडे समन्ससोबत मराठीत, आणि जिथे गरज आहे तिथे उर्दूत, एक पानभर सूचना का जोडू नये? दिवस किती, जायचे कुठे, हप्ते मागता येतात का, मोफत वकील कोणाला मिळतो. कागदाचा खर्च तो काय. आपल्या व्यापारी संघटना दरवर्षी नव्या पालकमंत्र्यांना निवेदने देतात. त्यात हे एक कलम घालायला हरकत नाही. कोर्टाच्या तारखा आता मोबाईलवर पाहता येतात, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले आणि सोलापूरकरांचा मुंबईचा फेरा वाचला. इतके झाले, मग एक पान का नाही?

असो. त्या तरुणाला आम्ही दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे नेले. उशिराचे कारण लिहून अर्ज दिला. कोर्टाने काही खर्च बसवून कैफियत घेतली. त्याच्या हिशोबाने देणे १,४५,००० आहे, आणि तेवढे त्याने कैफियतीत साफ कबूल केले आहे. परत केलेल्या सुताच्या तीन चलनांपैकी दोन सापडली, ती कैफियतीला जोडली. तिसऱ्याची नक्कल ट्रान्सपोर्टवाल्याच्या जुन्या बुकात असावी. मिळाली तर ती दाखल करायला परवानगी मागू, असे वकील म्हणाले. ट्रान्सपोर्टचे गोडाऊन सकाळी नऊला उघडते. उद्या आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.